पुलीवरची हळद

इथे, दक्षिण गोलार्धात, दसरा वसंतात येतो. सतरा वर्षं झाली तरी हे माझ्या अंगवळणी पडलेलं नाही. खिडकीबाहेर कौहायच्या झाडाला पिवळी फुलं लोंबत असतात, दोन दिवस पाऊस आणि अर्धा दिवस ऊन असं चाललेलं असतं, घड्याळं नुकतीच एक तास पुढे केलेली असतात, आणि मी कॅलेंडरात बघून स्वतःला सांगतो की हे नवरात्र आहे. आमच्या हेन्डरसनमध्ये त्याच सुमाराला आणखी एक आवाज सुरू होतो. हिवाळाभर गॅरेजमध्ये खोलून ठेवलेली इंजिनं लोक पुन्हा जोडतात आणि एखाद्या शनिवारी सकाळी, शेजाऱ्यांना सांगून किंवा न सांगता, चालू करून बघतात. काचा थरथरतात, कुत्री भुंकतात. ड्रॅग रेसिंगचा हंगाम आला, असा त्याचा अर्थ.

हे कळण्याचं मला खरं तर काही कारण नव्हतं. मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करतो. गाडी मला चालवता येते, पण तिच्या बॉनेटखाली काय आहे याची मी कधी चौकशी केली नव्हती. ड्रॅग रेसिंगमध्ये दोन गाड्या सरळ रस्त्यावर शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुटतात आणि चारशे मीटरवर जी आधी पोचेल ती जिंकते. दहा-बारा सेकंदांत सगळं संपतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चष्मा बदलेपर्यंत शर्यत होऊन गेली होती. हातात पुस्तक तसंच होतं. तेव्हापासून त्या गाडीचा मालक रॉस मला प्रोफेसर म्हणतो.

तिथे मी गेलो तो वैदेहीमुळे. वैदेही माझी बायको. ती या जुलैमध्ये गेली. तिच्याशिवायचा हा पहिला ऑक्टोबर, म्हणून गेल्या वर्षीचा हंगाम सारखा समोर येऊन उभा राहतो. तो क्रमाने येत नाही. आधी वास येतो, रेसिंगच्या पेट्रोलचा, गोडसर आणि डोक्यात जाणारा. मग ट्रेलरच्या सावलीत घडीच्या खुर्चीत बसलेली वैदेही येते, डोक्यावर राखाडी लोकरीची टोपी, मांडीवर लॅपटॉप. मग एक पिवळी रेघ.

ती पेनरोजमधल्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनलचं डिझाइन करत असे. रॉस तिथे वायरिंगच्या कामाला यायचा. आता तो निवृत्त आहे, आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याच्याकडे एक जुनी नारिंगी सेडान आहे, आठ सिलिंडरची, ती तो फक्त शर्यतीसाठी ठेवतो. पाठीच्या दुखण्यामुळे त्याला स्वतःला चालवता येत नाही, म्हणून त्याची मुलगी तानिया चालवते. तानिया प्राथमिक शाळेत शिकवते. आठवडाभर पाच वर्षांच्या मुलांना हळू चाला म्हणून सांगते आणि शनिवारी हेल्मेट घालते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत रॉस वैदेहीजवळ कुरकुरला की गाडी सुटताना चाकं जागच्या जागी फिरतात, धूर निघतो आणि अर्धी शर्यत तिथेच हरतो. वैदेही म्हणाली, गाडी सुटताना इंजिनातली ठिणगी जरा उशिरा पाडायची आणि मग पुढे आणायची, एवढंच आहे, मी डबा बनवून देते. तिचं "एवढंच आहे" मला माहीत होतं. त्याला दोन वर्षं लागली.

मला तिने हे स्वयंपाकघरात समजावलं होतं. इंजिनमध्ये पिस्टन वर येतो आणि तो अगदी टोकाला पोचण्याच्या थोडं आधी ठिणगी पडावी लागते. किती आधी, ते अंशांत मोजतात. रॉसच्या इंजिनाला तीस अंश लागत. उशीर झाला तर इंजिन आळसावतं. लवकर झालं तर मोडतं.

"का मोडतं?" मी विचारलं.

"झोपाळा अजून तुझ्याकडे येतोय आणि तू ढकललास, तर काय होईल?"

"मनगट दुखेल."

"पिस्टनला मनगट नसतं. त्याला भोक पडतं."

तिचा डबा साधारण पोळ्यांच्या डब्याएवढा होता, काळा, चारी बाजूंनी स्क्रू. गाडी सुटली की पहिला अर्धा सेकंद तो ठिणगी मागे ठेवायचा आणि मग आकड्यांच्या तक्त्याप्रमाणे हळूहळू तीसवर आणायचा. तो तक्ता तिने लिहिला होता. आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन महिने मीठ आणि लोणच्याच्या बरणीशेजारी सोल्डरिंग आयर्न होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिचा आजार कळला. ऑक्टोबरपर्यंत केमोचा दुसरा टप्पा अर्धा झाला होता. डॉक्टर नीट बोलणारे होते. ते वर्षं म्हणाले नाहीत, महिने म्हणाले, आणि किती ते तिने विचारलं नाही. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "या सीझनला डबा ट्रॅकवर जाऊन आला पाहिजे. नुसता बनवून काय उपयोग, बरोबर चालतो हे कळायला नको?" ती तशी मागणी करणारी बाई नव्हती. तिने त्या वर्षी मागितलेली गोष्ट ती एकच.

पुण्यात तिच्या बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. देवाधर्मातलं ती फारसं काही करत नसे, पण खंडेनवमी तिने इथेही कधी चुकवली नाही. त्या दिवशी पकडी, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. हत्यारांना एक दिवस सुट्टी. रॉसला हे फार पटलं होतं. तो म्हणे, युनियनने सुद्धा इतकं मिळवून दिलं नव्हतं.

गेल्या खंडेनवमीला तिच्या हातांत ताकद नव्हती. आम्ही रॉसच्या गॅरेजमध्ये गेलो, ती दाराशी स्टुलावर बसली आणि पूजा मी केली. झेंडू मिळत नाही म्हणून मी वाटेतल्या डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, पिवळी फुलं घेतली होती. डब्याला हळदकुंकू लावलं, लॅपटॉपला लावलं.

"इंजिनलाही लाव," ती म्हणाली.

"कुठे लावू?"

"जे फिरतं त्याला लावायचं. बाबा शाफ्टला लावायचे."

इंजिनाच्या पुढच्या बाजूला, खाली, थाळीएवढी एक पुली असते. ती इंजिनाबरोबर फिरते. मी वाकून अनामिकेने तिच्यावर हळदीची एक रेघ ओढली आणि शेजारी कुंकवाचा ठिपका दिला. आदल्या वर्षी हत्यारांवरची कोरडी हळद लगेच गळून गेली होती, म्हणून मी ती खोबरेल तेलात कालवून नेली होती. रॉसने फडकं उचललं तर वैदेही म्हणाली, पुसू नकोस, आपोआप जाईल. मी हे सगळं नंतर विसरलो. हात धुतले, घरी आलो, दुसऱ्या दिवशी श्रीखंड खाल्लं.

त्यानंतर दहा दिवसांनी डब्याची तपासणी होती. सप्टेंबरात रॉसने एकदा केली होती आणि डबा जे सांगे तेच इंजिनावर दिसलं होतं, तीसला तीस. पण मध्ये रॉसने एक सेन्सर बदलला होता आणि त्यासाठी वैदेहीने कोडचा एक तुकडा नव्याने लिहिला होता. तेव्हा पुन्हा बघायला हवं होतं. यासाठी पिस्तुलासारखा एक दिवा असतो. त्याची वायर पहिल्या सिलिंडरच्या वायरीला अडकवतात. ठिणगी पडली की तेवढ्याच क्षणी दिवा लखकन पेटतो. पुलीवर एक खूण असते, शेजारी अंशांची पट्टी असते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असतं, पण दिव्याच्या उजेडात पुली थांबलेली दिसते आणि खूण पट्टीवरच्या ज्या आकड्यासमोर असेल तो आपला आकडा. मला हे बघायला आवडलं. इतकं धडधडणारं काहीतरी समोर स्तब्ध उभं आहे आणि आपण त्याच्यावरचं वाचायचं आहे, हे माझ्या ओळखीचं काम होतं.

रॉस आत बसून अॅक्सिलरेटर धरणार, वैदेही लॅपटॉपवर, त्यामुळे दिवा माझ्या हातात आला. "पुलीवर रेघ दिसेल, ती कुठे आहे ते सांग," एवढंच मला सांगितलं गेलं. मला रेघ दिसली. बारीक, सरळ, उजळ.

"चोवीस," मी ओरडलो.

"तीस हवेत. नीट बघ."

"चोवीसच आहेत."

"रेघ तीच ना?"

"एकच रेघ दिसतेय. अगदी स्वच्छ."

ठिणगी सहा अंश उशिरा पडत होती. म्हणजे कोडच्या नव्या तुकड्यात चूक होती. वैदेहीने मान हलवली, लॅपटॉप मिटला आणि आम्ही घरी आलो.

पुढचे एकवीस दिवस ती चूक शोधत होती. सकाळी मळमळ ओसरली की टेबलाशी बसायची, दुपारी झोपायची, उठली की पुन्हा बसायची. मी शाळेतून आलो की टेबलावर नव्या कागदांची चळत असे. दर शनिवारी आम्ही रॉसकडे जायचो, मी दिवा धरायचो आणि चोवीस म्हणायचो. तिने काहीही बदललं तरी चोवीस. एकदा ती म्हणाली, "सेन्सरला उशीर होत असेल तर स्पीड वाढवल्यावर चूकही वाढायला हवी ना. हलतच नाही. असं होऊच शकत नाही." मी म्हटलं, पण होतंय खरं. किती सहज म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी भाजी चिरत होतो आणि तिने टेबलावरून शांतपणे सांगितलं, "सुहास, मला दिसत नाहीये. समोर असणार आणि मला दिसत नाहीये. औषधांनी डोकं गेलंय माझं."

"काहीतरी बोलू नकोस."

"नर्स म्हणाली होती की होतं असं. मला वाटलं, दुसऱ्यांना होत असेल."

शुक्रवारी तिने जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. कारण न कळता आकडा बदलला. कोडमध्ये सरळ सहा अंश मिळवून टाकले. शनिवारी ट्रॅकवर चाचणीचा दिवस होता आणि पुढच्या चाचणीपर्यंत आपली तब्येत काय असेल याचा भरवसा तिला नव्हता.

ट्रॅक शहराच्या दक्षिणेला, तासाभराच्या अंतरावर. त्या दिवशी वारा होता आणि ऊन होतं. सकाळी मी दिवा धरला आणि पहिल्यांदा तीस वाचले. रॉस "स्वीट अॅज" म्हणाला, म्हणजे झकास. तानियाने आधी निम्म्याच अंतरापर्यंत गाडी नेली, सवय व्हावी म्हणून. गाडी सरळ गेली, चाकं जागच्या जागी फिरली नाहीत, धूर नाही. लांबून बघताना मला वाटलं, झालं.

गाडी परत आल्यावर रॉसने एक स्पार्क प्लग काढला आणि खिशातल्या भिंगातून बघितला. मग दुसरा काढला. मग मला हाताने खूण करून ट्रेलरच्या मागे बोलावलं.

"बघ," तो म्हणाला. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे ठिपके होते, मिरपूड भुरभुरल्यासारखे. "हे पिस्टनचे कण आहेत. ठिणगी लवकर पडतेय, प्रोफेसर. दिवा काही सांगो. पूर्ण चारशे मीटर गेली तर इंजिन फुटेल, आणि आत माझी मुलगी आहे."

"मग?"

"तिच्या डब्याआधी लावायचो तो जुना डबा ट्रेलरमध्ये आहे. दहा मिनिटांत बदलतो. तू वैदेहीला कॉफीला घेऊन जा. गाडी बरी पळेल, तिला वाटेल तिचा डबा होता."

"हे बरोबर नाही."

"बरोबर नाहीच. पण तिला किती वेळ आहे?"

मी हो म्हणालो. ते इथे लिहून ठेवतो. रॉस चांगला माणूस आहे आणि त्याने जे सुचवलं ते चांगुलपणानेच. मलाही वाटलं की एका दुपारचा आनंद, कुणाचं नुकसान नाही. मी खुर्चीकडे निघालो. वाटेत गाडी होती, बॉनेट काढलेली. माझ्या बायकोला जिने हरवलं ती रेघ एकदा उघड्या डोळ्यांनी बघावी, एवढाच विचार करून मी वाकलो. तीन शनिवार मी ती फक्त दिव्याच्या लखलखाटात पाहिली होती. बंद इंजिनावर ती पिवळी दिसली. मी बोट लावलं. बोटाला आली. इंजिन तापलेलं होतं आणि त्या तापलेल्या लोखंडाला खोबरेल तेलाचा वास होता.

बाकीची हळद केव्हाच उडून गेली होती. पुलीवरच्या एका जुन्या ओरखड्यात बसलेली तेवढी राहिली होती, सुतासारखी सरळ. खरी खूण तिच्यापासून बोटभर अंतरावर होती, कानशीने पाडलेली बारीक खाच, तेल-धुळीने भरलेली, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसणार नाही अशी. त्या पुलीवर सहा अंश म्हणजे बोटभर अंतर.

मी सरळ झालो तेव्हा वैदेही माझ्याकडेच बघत होती. मी तिच्यापाशी गेलो.

"वैदेही, ती रेघ माझी आहे."

"कुठली रेघ?"

"दिव्यात दिसायची ती. खंडेनवमीची हळद आहे ती. खरी खूण शेजारी आहे, मळलेली. मी चोवीस वाचत होतो तेव्हा तीसच होते."

तिने लॅपटॉपवरचे हात काढून घेतले.

"म्हणजे कोड बरोबर होता."

"हो."

"पहिल्या दिवसापासून."

"हो. काल तू सहा मिळवलेस, ते चुकलं. ठिणगी आता लवकर पडतेय. रॉस जुना डबा लावणार होता, तुला न सांगता. मी हो म्हणालो होतो."

एवढं सगळं एका दमात सांगायची गरज होती की नाही, मला माहीत नाही. तिने माझं पिवळं बोट धरून बघितलं. मग म्हणाली, "एकवीस दिवस तू मला सांगत होतास की रेघ स्वच्छ दिसतेय."

"दिसत होती."

"गाढवा."

तोवर रॉस आणि तानिया जवळ आले होते. वैदेहीने त्यांना इंग्रजीत सांगितलं, अगदी थोडक्यात, ऑफिसात मशीन का बंद पडलं ते सांगावं तसं. रॉसने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "मी विशीपासून इंजिनं जोडतोय," तो म्हणाला. "मसाल्याने टायमिंग चुकलेलं पहिल्यांदाच बघतोय."

"मसाला नाही," वैदेही गंभीरपणे म्हणाली. "हळद."

"करीत घालतात ना?"

"घालतात. पण ही पूजेची होती."

"मग देवाचीच चूक," तानिया म्हणाली. "आता कुणी घाणेरडं फडकं देणार का मला?"

तिने पुली पुसली, खाच कोरून काढली, तिच्यात पांढरा रंग भरला. वैदेहीने सहा अंश काढून टाकले. या वेळी दिवा रॉसने धरला. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही पुढे गेलो नाही. तीस आले. वेग वाढवला तरी तीस. दुपारी तानिया पूर्ण चारशे मीटर गेली. मी आवाज ऐकला आणि गाडी लहान लहान होत गेलेली पाहिली. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. त्यानंतर वैदेहीने रॉसकडून भिंग मागून घेतलं आणि आठही प्लग एकेक करून स्वतः पाहिले. चिनीमाती पांढरी होती. आठवा प्लग तिने पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला, वाचून संपलेलं पान पुन्हा वाचावं तसा.

या ऑक्टोबरात मी त्या एकवीस दिवसांचा विचार पुष्कळ केला. तिच्याकडे मोजके दिवस होते आणि त्यातले एकवीस मी नसलेली चूक शोधायला लावले, असं एका बाजूने म्हणता येतं. त्या दिवसांत ती सकाळी उठायला कारण असलेल्या माणसासारखी उठत होती, असंही म्हणता येतं. मला हे दुसरं म्हणणं सोयीचं आहे, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. दिवसांचं दुःख त्यामानाने कमी आहे. आपलं डोकं गेलं असं तिला वाटलं, ते मी लावलेल्या बोटाने वाटलं, आणि "असं होऊच शकत नाही" हे तिचं अगदी बरोबर वाक्य मी भाजी निवडावी तसं बाजूला टाकलं.

त्या दिवशी घरी येताना मोटरवेवर तिने सीट मागे कलती केली. मग म्हणाली, "मी रोज अंघोळीला गेले की एकोणतीसचा पाढा म्हणायचे. डोकं चालतंय का बघायला."

"चुकायचा?"

"एकदाही नाही."

"मग तुला कळायला हवं होतं की डोकं ठीक आहे."

"पाढा पाठ असतो रे. त्याला डोकं लागत नाही." समोरच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले, विझले. "हे बघ. आज चूक माझी नव्हती. पुढे कधीतरी खरंच माझी असेल. तेव्हा सांगायचं. कॉफीला वगैरे न्यायचं नाही."

मी बरं म्हणालो. त्या वेळी ते सोपं वाटलं, कारण त्या दिवशी सगळं तिच्या बाजूने होतं.

हंगाम एप्रिलमध्ये संपला. मे अखेरीस, पावसाळी हवेत, ती रॉससाठी एक कागद लिहायला बसली. आपल्या पाठीमागे डबा कसा वापरायचा, पायरी पायरीने, ठळक इंग्रजी अक्षरांत. दुखण्यावरची औषधं तोवर वाढली होती. रोज एखाद-दुसरी पायरी व्हायची. एका दुपारी तिने कागद माझ्याकडे दिला. पाचव्या पायरीत जे होतं तेच सहाव्यात पुन्हा होतं. सातवीत इंजिन आधी चालू करायला सांगितलं होतं आणि सेन्सर नंतर जोडायला, म्हणजे उलट. एवढं मलाही आता कळत होतं. मी कागद दोनदा वाचला. बाहेर शेजारचा माणूस पन्हळीतली पानं काढत होता. छान झालंय असं म्हणून कागद घडी करून ठेवता आला असता, आणि पुढे रॉसबरोबर बसून तो दुरुस्त करता आला असता.

"इथे चुकलंय," मी म्हणालो.

"कुठे?"

मी दाखवलं. तिला अक्षरांवर नजर ठरवायला वेळ लागत होता. "वाचून दाखव," ती म्हणाली. मी वाचलं. "पुन्हा." मी पुन्हा वाचलं.

"हो," ती म्हणाली. "चुकलंय." मग कागद माझ्याकडे वळवून, "हे औषधाचं आहे का माझं?"

"औषधाचं."

"तुला माहीत आहे, का उगाच म्हणतोयस?"

"माहीत नाही."

"मग तसं म्हण ना."

तिने पेन मागितलं आणि सहावी आणि सातवी पायरी स्वतः खोडली. तिने रेघ शेवटापर्यंत नेली. "आता तू लिही," ती म्हणाली, "मी सांगते." तिने सहावी सांगितली. सातवी सांगितली, थांबत थांबत, आणि ती बरोबर होती. आठवीचं निम्मं वाक्य सांगून तिला झोप लागली. मी पेन उघडंच ठेवून वाट पाहिली. त्या कागदाकडे ती पुन्हा वळली नाही.

पुढच्या पायऱ्या रॉसने आणि मी मिळून लिहिल्या. आता तो कागद प्लास्टिकमध्ये घालून त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर लावलेला आहे. पहिल्या पाच पायऱ्या तिच्या अक्षरात, पुढच्या माझ्या. या हंगामात रॉस आणि तानिया तिचाच डबा लावून गाडी उतरवणार आहेत, त्यामुळे शनिवारी सकाळी माझा फोन वाजतो. सातव्या पायरीपर्यंत रॉसला काही अडत नाही. आठवीशी तो थांबतो आणि विचारतो, प्रोफेसर, तिला इथे नक्की काय म्हणायचं होतं? मला माहीत नसतं. तसं मी त्याला सांगतो, आणि चपला घालून तीन गल्ल्या चालत जातो.